रानगुलाब, गावठी गुलाब आणि सोलापूरची काळी माती : संकल्पना व संगोपन

बीजसंज्ञा : रानगुलाब, देशी वाण, गावठी गुलाब, खुंट, चुनखडीयुक्त काळी जमीन, छाटणी

प्रास्ताविक

अलीकडच्या काळात स्थानिक वनस्पतींच्या लागवडीविषयी मोठी जागृती झाली आहे. महाविद्यालयीन परिसरात आणि खाजगी अंगणात 'देशी' झाडे लावावीत, असा आग्रह धरला जातो व तो योग्यच आहे. गुलाबाच्या बाबतीत मात्र 'देशी' या शब्दाचा वापर फार सैलपणे होतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या एका गुलाबाच्या झुडपाजवळ 'रोझा इंडिका : देशी रानगुलाब' अशी पाटी स्वतःच्या हाताने लिहून लावली होती. त्या पाटीवरील नाव, 'देशी' हे विशेषण आणि 'रान' हा शब्द या तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. हे लक्षात येईपर्यंत विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी ती माहिती आपल्या प्रात्यक्षिक वह्यांत उतरवून घेतली होती. प्रस्तुत लेखाची प्रेरणा त्या चुकीत आहे.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिले, 'रानटी', 'देशी' आणि 'गावठी' या तीन संज्ञांतील भेद गुलाबाच्या संदर्भात स्पष्ट करणे. दुसरे, भारतातील प्रमुख रानगुलाबांचा परिचय करून देणे व सोलापूरसारख्या उष्ण, कमी पावसाच्या प्रदेशात त्यांपैकी कोणता टिकण्याची शक्यता आहे हे पाहणे. तिसरे, जुळे सोलापूर परिसरातील माती, पाणी व हवामान लक्षात घेऊन अशा गुलाबांची लागवड व निगा कशी करावी याचे विवेचन करणे.

तीन संज्ञांचा घोळ

रोपवाटिकेत 'जंगली गुलाब' म्हटले की बहुधा खुंट अभिप्रेत असतो. आपण विकत घेतो त्या मोठ्या फुलांच्या गुलाबाचा वरचा भाग एका जातीचा आणि मुळाकडचा भाग दुसऱ्या जातीचा असतो. काटक मुळांच्या झुडपावर हव्या त्या जातीचा डोळा भरला जातो. पुढे दुर्लक्ष झाले, पाणी तुटले किंवा छाटणी चुकली की वरचा भाग वाळतो आणि जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे जोमाने वर येतात. 'आमचा लाल गुलाब जंगली झाला' असे आपण म्हणतो ते याच प्रसंगी. वस्तुतः लाल गुलाबाचे रूपांतर झालेले नसते. तो मेलेला असतो आणि त्याला पोसणारा खुंट जिवंत राहिलेला असतो.

हा खुंट देशी असतो काय? खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्या जातींपैकी 'रोझा मल्टिफ्लोरा' ही चीन, जपान व कोरिया येथील आहे. पानाच्या देठाशी असलेली झालरीसारखी कातरलेली उपपर्णे आणि झुबक्यांनी येणारी लहान फुले यांवरून ती ओळखता येते. दुसरा प्रचलित खुंट 'रोझा इंडिका' या नावाने विकला जातो. लिनियस याने १७५३ साली 'रोझा इंडिका' हे नाव दिले ते मूळच्या चिनी गुलाबाला. चिनी बागांतील गुलाबांपैकी काही पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्त्यामार्गे युरोपात गेले. व्यापाराच्या वाटेवर भारत होता म्हणून त्या नावाशी आपले नाते जोडले गेले. जन्मस्थान म्हणून नव्हे. तात्पर्य, नावात 'इंडिका' असले तरी झाड भारतीय ठरत नाही.

'गावठी गुलाब' ही संज्ञा याहून वेगळी आहे. गुलकंदासाठी, पूजेसाठी आणि सुवासासाठी घरोघरी लावला जाणारा फिकट वा गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा हा गुलाब बहुधा दमास्क किंवा बोर्बन गटातील असतो. दमास्क गुलाब हा संकरित आहे. जपानी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातून त्याच्या उत्पत्तीत रोझा मॉस्काटा, रोझा गॅलिका आणि रोझा फेडशेन्कोआना या तीन जातींचा वाटा असल्याचे दिसून आले. यांपैकी शेवटची जात मध्य आशियातील आहे. बोर्बन गट हिंदी महासागरातील आजच्या रियुनियन बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिनी व दमास्क गुलाबांच्या नैसर्गिक संकरातून पुढे आला. त्याच गटातील 'एडवर्ड' गुलाब भारतात सर्वदूर पसरला. म्हणजेच गावठी गुलाब आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला आहे, परंतु तो रानटी नाही आणि मूळचा इथलाही नाही.

येथपर्यंतच्या विवेचनातून एक सूत्र हाती येते. आपल्याकडे ज्याला 'जंगली' म्हणतात तो बहुधा देशी नसतो आणि ज्याला 'गावठी' म्हणतात तो रानटी नसतो. जो खरोखर देशी आणि रानटी आहे, तो सोलापूरच्या माळावर उगवत नाही.

भारतातील रानगुलाब

जगात गुलाबाच्या सुमारे दीडशे रानटी जाती मानल्या जातात आणि त्या सर्व उत्तर गोलार्धातील आहेत. त्यांतील बहुसंख्य थंड वा समशीतोष्ण प्रदेशात वाढतात. भारतातही रानगुलाबांचे मुख्य घर हिमालय हेच आहे. काश्मीरपासून पूर्वेकडे पसरलेला 'रोझा ब्रुनोनी' हा पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या झुबक्यांचा वेल हिंदीभाषक डोंगराळ भागात 'कूजा' म्हणून ओळखला जातो. लडाखच्या कोरड्या थंडीत 'रोझा वेबियाना' गुलाबी फुलांनी बहरतो. 'रोझा सेरिसिया' या जातीच्या फुलाला सामान्यतः पाचऐवजी चारच पाकळ्या असतात.

ईशान्येकडील 'रोझा जायगांशिया' ही जात विशेष महत्त्वाची आहे. सर जॉर्ज वॉट यांना ती १८८२ साली मणिपूरमध्ये आढळली. रानगुलाबांमध्ये सर्वांत मोठे फूल तिचे मानले जाते आणि 'टी रोझ' गटाच्या पूर्वजांत तिची गणना होते. दक्षिणेत निलगिरी व पळणी या डोंगररांगांच्या उंच भागात 'रोझा लेशेनॉल्टियाना' हा पांढऱ्या फुलांचा वेल आहे. विषुववृत्ताकडे इतका सरकूनही तो उंचीच्या आधाराने थंडाव्यातच राहिला आहे.

सोलापूरच्या दृष्टीने विचारात घ्यावी अशी जात मात्र वेगळी आहे. ती म्हणजे 'रोझा क्लिनोफिला'. तोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८१७ साली तिचे वर्णन केले. जुन्या भारतीय ग्रंथांत ती 'रोझा इन्व्होल्युक्राटा' या नावाने येते. बिहार, बंगाल, आसाम, बांगलादेशातील पाणथळ 'हाओर' प्रदेश आणि पश्चिमेस अबूचा पहाड येथे ती आढळते. पांढरे, पाच पाकळ्यांचे एकेरी फूल, त्याच्या खाली लवदार छदांचे वेष्टन आणि सदाहरित पाने ही तिची ओळख. उष्ण सखल प्रदेशात, नदीनाल्यांच्या काठी, पुराच्या पाण्यात काही काळ उभी राहूनही ती जगते. गुलाब म्हणजे थंडीचे झाड, या समजुतीला ही जात मोठा अपवाद आहे.

या गुणांचे महत्त्व ओळखून कोडाईकनाल येथील एम. एस. विराराघवन व गिरिजा विराराघवन या दांपत्याने रोझा क्लिनोफिला आणि रोझा जायगांशिया या दोन भारतीय जातींचा वापर करून उष्ण प्रदेशासाठी नवे संकर घडवण्याचे काम दीर्घकाळ केले. त्यापूर्वी डॉ. बी. पी. पाल यांनी भारतीय गुलाबशास्त्राचा पाया घातला. 'द रोझ इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. बागेतील आधुनिक गुलाबांची वंशावळ मुख्यतः युरोप व चीनकडे जाते. आपल्या उष्ण मैदानातील गुलाब त्या वंशावळीत जवळजवळ आलाच नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

जुळे सोलापूरची परिस्थिती

विजापूर रस्ता व होटगी रस्ता यांच्या दरम्यान विस्तारलेल्या जुळे सोलापुरातील अंगणे ही पूर्वीच्या माळरानावर व शेतजमिनीवर उभी आहेत. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि अनेक ठिकाणी चुनखडी असा येथील थर आहे. घर बांधताना उरलेले सिमेंट, चुना व विटांचे तुकडे अंगणातच पुरले जातात, त्यामुळे मुळातच विम्लधर्मी असलेली जमीन अधिक विम्ल होते. कूपनलिकेचे पाणी बहुतांशी जड असते. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येण्याची सोलापूरकरांना वर्षानुवर्षांची सवय आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व मुळे तोडते. पावसाळ्यात तीच माती पाणी धरून ठेवते व मुळे गुदमरवते. चुनखडीमुळे जमिनीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. परिणामी कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. या लक्षणाला खताची कमतरता समजून शेणखत वा युरिया वाढवला जातो आणि मूळ दुखणे तसेच राहते. प्रस्तुत लेखकाच्या अंगणातील कलमी गुलाब एका उन्हाळ्यात याच क्रमाने गेला आणि त्याचा खुंट मात्र तगला. खुंट तगला याचा अर्थ त्याला जपावे असा नाही. मुळांची जात आणि जमीन यांचा मेळ हाच गुलाबाच्या आयुष्याचा आधार आहे, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

लागवड

१. रोपाची निवड : रानगुलाब शक्यतो स्वतःच्या मुळांवर वाढवलेला घ्यावा, कलमी नको. असे झाड वरून वाळले तरी खालून येणारा फुटवा त्याच जातीचा असतो. रोझा क्लिनोफिला सर्वसाधारण रोपवाटिकांत सहज मिळत नाही. वनस्पतिशास्त्र विभाग, वनस्पती उद्याने व गुलाबप्रेमी संघटना यांच्यामार्फत छाट कलमे मिळवणे हा योग्य मार्ग होय. रानातील झाड उपटून आणणे सर्वथा अनुचित आहे. हिमालयीन जाती हौसेने आणल्या तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यांचा निभाव लागणे कठीण.

२. जागा : सकाळचे पाच-सहा तास ऊन आणि दुपारनंतर भिंतीची वा झाडाची सावली मिळेल अशी पूर्वेकडची जागा उत्तम. पश्चिमेकडील तापलेल्या भिंतीलगत लावू नये. रानगुलाबाला पसरण्यास जागा लागते. दोन झाडांत किमान सहा ते आठ फूट अंतर असावे.

३. खड्डा : दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा एप्रिल-मे मध्ये घेऊन उन्हात तापू द्यावा. बांधकामाचा राडारोडा पूर्णपणे काढावा. भरताना काळी माती, पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळावे आणि वाळवीच्या बंदोबस्तासाठी निंबोळी पेंड घालावी. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा सहा इंच उंच ठेवावा. रोझा क्लिनोफिलाला ओल चालते, परंतु गावठी गुलाबाच्या मुळांशी पाणी साचता कामा नये.

४. हंगाम : पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सोलापुरात अनुकूल आहे. उन्हाळ्यापूर्वी मुळांना चार-पाच महिने मिळतात.

५. अभिवृद्धी : पेन्सिलीच्या जाडीची पक्व फांदी घेऊन सहा ते आठ इंचांची, तीन-चार डोळ्यांची छाट कलमे करावीत. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यावा, वरचा छेद डोळ्याच्या किंचित वर. मूळ फुटण्यासाठी आयबीए भुकटी वापरता येते. कलमे वाळू व पोयटा यांच्या मिश्रणात निम्म्याहून अधिक गाडून सावलीत ठेवावीत. बियांपासून रोपे करावयाची असल्यास पिकलेली फळे फोडून बिया स्वच्छ धुवाव्यात. थंड प्रदेशातील जातींच्या बिया ओलसर वाळूत मिसळून काही आठवडे शीतकपाटात ठेवल्याखेरीज सहसा रुजत नाहीत.

निगा

पाणी : रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर पाणी द्यावे, त्यामुळे मुळे खाली जातात. झाडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवल्यास ओल हळूहळू झिरपत राहते. नळाला पाणी येण्याच्या दिवसांशी हा उपाय चांगला जुळतो. बुंध्याभोवती तीन-चार इंच उसाचे पाचट पसरावे. आपला जिल्हा उसाचा आहे. जे पाचट शेतात जाळले जाते तेच मातीच्या भेगा रोखते व कुजून सेंद्रिय द्रव्य देते. पाचट बुंध्याला टेकवू नये. छतावरील पावसाचे पाणी साठवता आल्यास जड पाण्याचा दोष बराच कमी होतो.

खत : रानगुलाबाला खताची हाव नसते. वर्षातून दोनदा कुजलेले शेणखत वा गांडूळखत पुरेसे आहे. नत्र अधिक झाले की फांद्या लुसलुशीत होतात, मावा वाढतो आणि फुले कमी येतात. पाने पिवळी व शिरा हिरव्या असे दिसल्यास चुनखडीच्या जमिनीत टिकणारे 'ईडीडीएचए' प्रकारचे चिलेटेड लोह मुळाशी द्यावे, किंवा फेरस सल्फेटचे लिटरला दोन-तीन ग्रॅम प्रमाणातील ताजे द्रावण संध्याकाळी पानांवर फवारावे.

छाटणी : रानगुलाबाच्या निगेतील सर्वांत मोठी चूक छाटणीत होते. आधुनिक गुलाब नव्या फुटव्यावर फुलतो, म्हणून महाराष्ट्रात ऑक्टोबरमध्ये त्याची कडक छाटणी करण्याची रूढी आहे. बहुतेक रानगुलाब मात्र वर्षातून एकदाच, आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर फुलतात. त्यांना ऑक्टोबरमध्ये कापले तर येणारा बहर कात्रीतच जातो. माळी नित्याप्रमाणे छाटतो, बहर येत नाही आणि मग 'जंगली झाडाला फुलेच येत नाहीत' असा निष्कर्ष काढला जातो. म्हणून रानगुलाबाची छाटणी बहर संपल्यावर करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि तीन-चार वर्षांच्या जुन्या फांद्या बुंध्यापासून कापून नव्या फुटव्यांना जागा द्यावी. फळे हवी असल्यास सुकलेली फुले खुडू नयेत. कलमी गुलाबाच्या जोडाखालून येणारे फुटवे मात्र वरून न कापता, माती बाजूला सारून उगमापाशी ओढून काढावेत.

रोग व किडी : हिवाळ्यात भुरी, पावसाळ्यात पानांवरील काळे ठिपके, उन्हाळ्यात लाल कोळी व फुलकिडे यांचा उपद्रव संभवतो. कोळ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. माव्यासाठी लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून वापरावे. भुरीवर पाण्यात मिसळणारे गंधक उपयुक्त आहे, परंतु कडक उन्हाच्या दिवसांत ते फवारल्यास पाने करपतात.

रानगुलाब लावावा कशासाठी?

शोभेच्या गुलाबातील असंख्य पाकळ्यांपैकी पुष्कळशा पुंकेसरांचे रूपांतर होऊन बनलेल्या असतात. त्यामुळे फूल जितके भरगच्च, तितका त्यात पराग कमी. गुलाब मुख्यतः परागच देतो, मध नगण्य. पाच पाकळ्यांच्या एकेरी फुलात पुंकेसरांचे कडे उघडे असते आणि मधमाश्यांना ते सहज मिळते. पुढे धरणारी फळे पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. विद्यार्थ्याला गुलाबाच्या कुलाची पुष्परचना शिकवण्यासाठीही एकेरी फूलच योग्य, कारण भरगच्च फुलात मूळ रचना हरवलेली असते.

त्याचबरोबर एक सावधगिरीही आवश्यक आहे. 'रानटी' म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. अमेरिकेत १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्यासाठी आणि कुंपणासाठी रोझा मल्टिफ्लोराच्या लागवडीस सरकारी प्रोत्साहन देण्यात आले. आज अनेक राज्यांत ती उपद्रवी तण म्हणून घोषित आहे. म्हणून रोझा क्लिनोफिलाही सोलापूरच्या माळावर किंवा तलावाकाठी नेऊन लावू नये. भारतीय असली तरी ती येथील नाही. तिची जागा देखरेखीखालील बागेत आहे.

समारोप

सोलापुरातील गुलाबप्रेमींनी गावठी गुलाब काढून टाकावा असे येथे सुचवावयाचे नाही. परका वंश असूनही तो आपल्या स्वयंपाकघरात व देवघरात रुजला आहे आणि थोड्या निगेवर आनंद देतो. रोझा क्लिनोफिलाचे एखादे झुडूप महाविद्यालयाच्या बागेत लावून तिचे येथील वर्तन नोंदवणे, हा मात्र विद्यार्थ्यांसाठी अल्प खर्चाचा आणि खरोखर नवा प्रकल्प होऊ शकेल. पहिला फुटवा, पहिला बहर, उन्हाळ्यातील पानगळ व पिवळेपणा यांच्या तारखा तीन वर्षे नोंदवल्या तरी काळ्या मातीविषयीचे आपले अनुमान तपासता येईल.

तत्पूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या बागेतील गुलाबांच्या पाट्या एकदा वाचून पाहाव्यात, एवढी विनंती प्राध्यापक बंधुभगिनींना करावीशी वाटते. पाटीवर जातीचे नाव, तिचे मूळ स्थान आणि ते झाड रानटी आहे, संकरित आहे की खुंटावरचे कलम आहे, या तीन बाबी असाव्यात. खात्री नसेल तेथे जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा विद्यार्थ्याला प्रश्न विचारावयास लावते, चुकीची पाटी तो निमूटपणे वहीत उतरवून घेतो. प्रस्तुत लेखकाने आपली जुनी पाटी काढली आहे. तेथे आता 'गुलाबाचा खुंट, बहुधा रोझा मल्टिफ्लोरा, मूळ स्थान पूर्व आशिया' असे लिहिले आहे, आणि त्यातील 'बहुधा' या शब्दाविषयी विद्यार्थी आवर्जून विचारतात.